बंधाऱ्यावर किती झालं? गावातले आपत्ती स्वयंसेवक तयार करताना

जुलै संपत आला की आमच्या शिरोळ तालुक्यात दूध डेअरीत, एसटीत, चहाच्या टपरीवर एकच विचारणा असते, "बंधाऱ्यावर किती झालं?" बंधारा म्हणजे कोल्हापूरचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आणि 'किती' म्हणजे किती फूट. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तरीसुद्धा २०१९ च्या ऑगस्टमध्ये हजारो माणसं आपापल्या घरांत अडकली. आकडा सगळ्यांना माहीत होता. आकडा अमुक झाला की कुणी काय करायचं, हे मात्र बहुतेक गावांत ठरलेलं नव्हतं.

त्या पुरानंतर मी गावोगावच्या तरुण मंडळांबरोबर आणि बचत गटांबरोबर स्वयंसेवकांची पथकं उभी करायच्या कामात पडलो. आपल्या गावात असं पथक असावं असं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्यासमोर कृष्णा-पंचगंगेचा पूर आहे. हा पूर सावकाश चढतो, इंचाइंचानं, कधीकधी तीन-चार दिवस. म्हणून इथल्या पथकाचं निम्म्याहून जास्त काम पाणी दारात येण्याआधीच व्हायला हवं. नाव, दोर, लाईफ जॅकेट हे सगळं लागतंच, पण ते नंतर. नव्या पोरांना नेमकं उलटं वाटत असतं. त्यांना पहिल्या दिवशी नावेत बसायचं असतं.

मे महिन्यात गाव पायी फिरा

प्रशिक्षण वर्गात सुरू करू नका, गल्लीत सुरू करा. बरोबर दोन-तीन म्हातारी माणसं घ्या, एक आशाताई घ्या, गावचा वायरमन घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगा आणि तिथे ऑईल पेंटनं रेघ मारा, वर साल लिहा. अनेक घरांवर अशा रेघा आधीपासून असतात. त्या एका मोठ्या कागदावर उतरवा. हाच तुमचा नकाशा. मोबाईलवरचा नकाशा गावचा उतार दाखवत नाही, म्हातारा माणूस दाखवतो.

फिरताना एका गोष्टीकडे बारीक लक्ष द्या. घरात पाणी शिरण्याच्या बऱ्याच आधी गावाची वाट बंद होते. ओढ्यावरची मोरी, सखल पूल, बंधाऱ्यावरचा रस्ता हे आधी पाण्याखाली जातात आणि गाव कोरडं असूनही बेट होऊन बसतं. त्यामुळे तुमच्या गावासाठी धोका पातळीपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे 'वाट बंद व्हायचा आकडा'. तो मागच्या पुरांच्या आठवणीतून काढावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर किंवा सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी किती फूट होतं तेव्हा आपला रस्ता गेला, हे चार-पाच जणांना वेगवेगळं विचारा आणि जुळवा. आयर्विनला इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर धरतात. तुमचं गाव पंचगंगेवर की कृष्णेवर, संगमाच्या वर की खाली, त्यावर कोणता आकडा पाहायचा ते ठरतं.

नृसिंहवाडीला दोन्ही नद्या मिळतात आणि घोळ तिथेच आहे. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. कोल्हापुरात पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आणि शिरोळच्या गावांत पाणी चढतच असतं. वरून कोयनेचा विसर्ग, राधानगरीचे उघडलेले स्वयंचलित दरवाजे, खाली अलमट्टी धरणातून किती पाणी सोडलं जातंय, या सगळ्या बातम्या एकत्र वाचायला पथकातल्या निदान दोघांनी शिकलं पाहिजे. रोज सकाळी आणि संध्याकाळी आकडा वहीत लिहायचा, आधीच्या आकड्यातून वजा करायचा. बारा तासांत किती चढलं, हे कळलं की पुढचे बारा तास डोळ्यांसमोर उभे राहतात. वाडीतल्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाल्याची, म्हणजे नदीचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडल्याची, बातमी आली की लोक स्नानाला धावतात. पथकानं ती बातमी नदी चढल्याची खूण म्हणूनही वहीत नोंदवावी.

माणसं कोण घ्यायची

'पोहता येणारे हात वर करा' असं विचारून पथक बनवू नका. तसं केलंत तर तालमीतली पंधरा पोरं मिळतील आणि एकही बाई मिळणार नाही. मग पुराच्या दिवशी नऊ महिन्यांची गरोदर सूनबाई कुठल्या घरात आहे, हे त्या पंधरांपैकी एकालाही ठाऊक नसेल.

साधारण वीस-पंचवीस घरांमागे एक जण, तोही त्याच गल्लीतला, आणि पथकात निम्म्या बायका, असं प्रमाण मला कामाचं वाटतं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे घराघराची नोंद असते. वायरमन, ट्रॅक्टर आणि पिकअप चालवणारे, जनावरांच्या दवाखान्यातला माणूस, औषध दुकानदार आणि नदीवर पिढ्यान् पिढ्या नाव चालवणारे भोई किंवा कोळी बांधव हवेतच. या नावाड्यांना नदीचं पात्र जसं कळतं तसं बाहेरून आलेल्या कुणालाच कळत नाही. त्यांना शिकायला बसवू नका, शिकवायला उभं करा.

गावात दोन गट असतात. दोन्ही गटांची माणसं घ्या. एकाच गटाचं पथक झालं की दुसऱ्या गटाची घरं दार उघडत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्या वर्षी सुचली नव्हती. ज्या स्वयंसेवकाचं घर सगळ्यात खाली, नदीकडेला आहे, त्याला पहिल्या टप्प्यात दुसरं काम देऊ नका. त्यानं आधी स्वतःचे आईबाप आणि म्हशी बाहेर काढायच्या, मग कामावर यायचं. हे आधीच सगळ्यांसमोर ठरवलं तर त्या पोराला अपराधी वाटत नाही.

सरकारी कागद आधी करून घ्या

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि त्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पथक तयार झालं की सरपंचांच्या सहीनं नावांची यादी तहसीलदारांकडे आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाकडे द्या. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेची चौकशीही तिथेच करा. ती २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवली गेली. १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि विमा अशी तिची रचना होती. तुमच्या तालुक्यात आता अशी तुकडी बसणार का ते विचारा आणि बसणार असेल तर दोन-चार जणांची नावं घाला. ते परत आले की बाकीच्यांना शिकवतील. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबरेला आहे. कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारख्या संस्थाही अनेक वर्षं हेच काम करत आहेत. प्रात्यक्षिकासाठी लेखी विनंती पावसाळ्याच्या बरीच आधी करा.

फोन नंबर भिंतीवर रंगवा : ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. त्याखाली तहसील, पोलीस ठाणे आणि महावितरणच्या स्थानिक कचेरीचे नंबर. मोबाईलमध्ये सगळं असतं खरं, पण पुरात मोबाईलची बॅटरी संपते आणि टॉवरचं डिझेलही.

पहिला धडा : यादी

यादी म्हणजे मतदार यादी नव्हे. मतदार यादीत मुंबईला गेलेला मुलगा असतो आणि ऊसतोडीला आलेलं कुटुंब नसतं.

आमच्या पहिल्या पथकाकडून झालेली चूक सांगतो. गावाचं नाव देत नाही. एक विधवा आजी दोन मुलांकडे आलटून पालटून राहायच्या. थोरल्याच्या गल्लीतल्या स्वयंसेवकाला वाटलं, त्या धाकट्याकडे मोजल्या. धाकट्याच्या गल्लीतल्याला वाटलं, थोरल्याकडे. संध्याकाळी दोन्ही कुटुंबं वेगवेगळ्या शाळांत पोहोचली आणि दोन्हीकडे आजी नव्हत्या. त्या थोरल्याच्या माडीवर देवघरात बसून होत्या. रात्री अकराला गुडघाभर पाण्यातून जाऊन आणावं लागलं. आजी सुखरूप आल्या, पण त्या रात्रीपासून आमच्या यादीत 'घर' हा रकाना गेला आणि 'माणूस आज रात्री कुठे झोपणार' हा रकाना आला.

यादीत एवढं तरी हवं : माणसाचं नाव, वय, चालता येतं का, कोणतं रोजचं औषध चालू आहे, डायलिसिसची पाळी असेल तर वार, गरोदर असेल तर तारीख, मूल अंगावर पितं का, घरात जनावरं किती, आणि पुरात हे कुटुंब कुणाकडे जाणार. पाहुण्यांकडे जाणार असतील तर पाहुण्यांचा फोन. यादी कागदावर, तीन प्रतींत, प्लास्टिकच्या पिशवीत. एक ग्रामपंचायतीत, एक निवाऱ्याच्या जागी, एक पथकप्रमुखाकडे. लोकांच्या आजाराची माहिती ही त्यांची खासगी बाब आहे, तिचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरता कामा नये. हे पथकाला पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

दुसरा धडा : दार वाजवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या वर्गात हा धडा अर्धा दिवस चालतो. पोरं कंटाळतात, तरी मी सोडत नाही.

पाणी अजून दिसत नसताना माणसाला स्वतःच्या घरातून उठवणं फार कठीण आहे. नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं : "पाच सालाला पाणी पायरीला लागून गेलं, आत आलं नव्हतं." या एका वाक्यानं २०१९ ला किती कुटुंबं अडकली! सांगलीत २०१९ चं पाणी २००५ पेक्षा तीन फुटांहून वर चढलं. आयर्विनपाशी ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी ५५ फूट ओलांडले. जुनी रेघ ही नव्या पुराची हद्द नसते, हे लोकांना आकड्यांनी पटत नाही. भिंतीवरच्या दोन रेघा शेजारी शेजारी दाखवल्या की पटतं.

वर्गात दोघांना समोरासमोर बसवा. एक जण आबा, एक जण स्वयंसेवक. आबांनी हट्ट करायचा, स्वयंसेवकानं वाद घालायचा नाही. आमच्या एका वर्गातला संवाद असा झाला होता :

"आबा, जेवलासा का?"

"जेवलो. तू पाण्याचं सांगाय आला असशील. मी न्हाई हालत."

"बरं, ऱ्हावा. पण म्हशी कुठं बांधायच्या, तेवढं सांगा. रात्री मोरी गेली तर ट्रॅक्टर याचा न्हाई."

"म्हशी... थोरल्या पावण्याच्या मळ्यात न्हे."

"आन् धारा कोण काढणार? तुमच्याबिगर दुसऱ्याला हात लावू देत्यात व्हय त्या?"

आबांचं काम करणारा पोरगा त्यावर गप्प झाला, आणि वर्गाला कळायचं ते कळलं. माणसाला भीती घालून हलवता येत नाही. त्याला ज्याची काळजी आहे, त्या गोष्टीची सोय लावून दिली की तो हलतो. कुणाला म्हैस, कुणाला वर्षभराचं जोंधळ्याचं पोतं, कुणाला घराची चोरी, कुणाला शाळेत सगळ्यांसमोर झोपायची लाज. कारण ओळखा, त्यावर उपाय द्या. रिकाम्या गल्लीत रात्रीची गस्त लावली जाईल, असं पथकानं सांगितलं आणि खरंच लावली, तर पुढच्या वर्षी निम्मी घरं न सांगता उठतात.

जाताना बरोबर काय घ्यायचं ते तोंडपाठ असू दे : आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि दागिने एका प्लास्टिकच्या पिशवीत, आठवड्याचं औषध, चष्मा, बाळाचं दूध आणि कपडे, टॉर्च. निघताना मेन स्विच बंद, गॅसचं बटण बंद, सिलिंडर बांधून ठेवलेला.

जनावरं आधी

सरकारी पुस्तकात हे शेवटी असतं, मी वर घेतलं आहे. आमच्याकडे घरातला एक माणूस म्हशीसाठी मागे राहतो आणि त्याच्यासाठी नंतर नाव पाठवावी लागते. त्यामुळे म्हशी आदल्या दिवशी गेल्या तर माणसं आपोआप जातात.

वाट बंद व्हायच्या आकड्याच्या तीन-चार फूट आधीच जनावरं हलवायला लागा. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा पिकअप, किती फेऱ्या, हे मे महिन्यातच लिहून ठेवा. उंचावरचा मळा किंवा कारखान्याचं आवार आधी बोलून ठेवा, तिथे वैरण आणि पिण्याच्या पाण्याची सोय बघा. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मालकाच्या नावासमोर लिहा. छावणीत शंभर म्हशी एकत्र आल्या की भांडणं याच गोष्टीवरून होतात.

आणि अगदी वेळ आलीच, जनावरं न्यायला वाट उरली नाही, तर दावी सोडा. सुटत नसतील तर कापा. म्हैस पोहून जीव वाचवू शकते, पण बांधलेली म्हैस मरतेच. हे वाक्य सांगताना मालकाचा हात थरथरतो, म्हणून विळा स्वयंसेवकाच्या पिशवीत असावा.

पाण्यात उतरण्याआधी

२०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटली. दहाहून जास्त माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं होती. नावेत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून माणसं वाहून गेली. दोन्ही ठिकाणी माणसं एकमेकांना मदतच करत होती. हे मी प्रत्येक वर्गात सांगतो आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलत नाही.

वाहतं पाणी वीतभरही नसलं, पंधरा सेंटिमीटर असलं, तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. फूटभर खोल, वेगाचं पाणी छोटी मोटार तरंगवतं. ट्रॅक्टर जड आहे म्हणून तो जाईल, हा भ्रम आहे. पाण्याखालचा रस्ता खचलेला असतो आणि तो वरून दिसत नाही.

पथकानं पाण्याशी वागायचा क्रम असा शिकावा. आधी काठावरून ओरडून सांगायचं : कशाला धर, कुणीकडे सरक. मग काठी, बांबू, धोतर, जे असेल ते पुढे करायचं, स्वतः जमिनीवर पालथं पडून. तेवढ्यानं भागलं नाही तर तरंगणारं काही फेकायचं : हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन, दोराला बांधून. दोर पंधरा-वीस मीटरचा, आणि तो कधीही स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही. मग नाव. पोहत जाणं हे अगदी शेवटचं, आणि ते फक्त ज्यानं तसं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे त्यानंच. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस पुराच्या धारेत टिकेलच असं नाही. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो.

नावेचे नियम भिंतीवर लिहा आणि नावेवरही रंगवा. किती माणसं, तो आकडा. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, पट्टे आवळून. जॅकेट बसलंय का ते कळायला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. सगळे खाली बसलेले, कुणी उभं राहायचं नाही. धक्क्याला लागताना सगळे एका बाजूला धावतात आणि तिथेच नाव कलंडते, म्हणून उतरायचा क्रम नावाडी सांगेल तोच. जागा संपली की नाव निघाली. मागे राहिलेल्यांना दुसरी फेरी. रडणाऱ्या माणसांना "थांबा" म्हणणं सोपं नाही, म्हणून त्याचाही सराव वर्गातच करून घ्या. गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे गूळ आटवायच्या मोठ्या कढईतून, माणसं नेल्याच्या गोष्टी आमच्याकडे अभिमानानं सांगतात. त्या माणसांच्या धाडसाला माझा नमस्कार आहे, पण पथकाला मी काहील वापरू देत नाही.

उभ्या उसावरून नाव नेताना पंख्यात पाला अडकतो, बंद पडलेली नाव धारेला लागते. पाण्याखाली विहिरींचे कठडे, तारांची कुंपणं, विजेच्या तारा असतात. त्या गल्लीचा वीजपुरवठा बंद केल्याचं वायरमनकडून कळल्याशिवाय नाव आत न्यायची नाही. अंधारात शक्यतो नाहीच.

प्रथमोपचाराचा एक दिवस

यासाठी डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका बोलवा आणि पुतळ्यावर प्रत्येकाकडून करून घ्या. वाचून हे येत नाही. तरी मनात घोळत राहावं म्हणून थोडक्यात लिहितो.

बुडालेला माणूस बाहेर काढला की त्याला उलटा टांगू नका, गरागरा फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी श्वासनळीत जाते. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, असं दिसलं की एकानं १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्यानं कामाला लागायचं. बुडालेल्याचा प्राणवायू संपलेला असतो, म्हणून आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास. दाब मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल एवढे. दमलं की हात बदला, थांबू नका.

पुरात साप माणसांबरोबरच उंचावर येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपले चार मुख्य विषारी. चावल्यावर आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, चावलेला हात-पाय हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका आणि थेट दवाखान्यात न्या. साप पकडायला किंवा मारायला वेळ घालवू नका. कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे, आणि आपला रस्ता बंद झाला तर दुसरा दवाखाना कोणता, ही दोन नावं पावसाळ्याआधी नक्की करून ठेवा.

निवाऱ्याची शाळा

यावर पथकातल्या बायकांचं ऐका. पुरुषांनी लावलेल्या निवाऱ्यात मी एकदा गेलो होतो, तर चहाची सोय उत्तम होती आणि बायकांच्या संडासला दिवा नव्हता. रात्री बायका पाणी पीत नव्हत्या. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आडोसा, सॅनिटरी पॅड, बायकांसाठी वेगळी खोली, दाराबाहेर रात्रभर जागणारी दोन माणसं, यात एक बाई, एवढं कमीत कमी हवं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद वहीत. मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही, हा नियम दारावर लावा, पुढाऱ्यांनाही तो लागू.

पाणी उकळून गार केलेलं, किंवा क्लोरीनचं औषध घातलेलं, आणि औषध घातल्यावर अर्धा तास थांबून प्यायचं. जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं पुडकं पुडक्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पुडकं नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता आणि कोल्हापूर शहराचे पाणी उपसा करणारे पंपही बुडाले होते. शहराची ही गत, तर गावात आठवडाभराचं धान्य, डिझेल, औषध आणि पाण्याचं औषध आधीच साठवलेलं पाहिजे.

पाणी उतरल्यावर

पथकं इथे पांगतात, आणि खरं तर इथेच ती हवी असतात. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि उन्हानं वाळताना पडते. म्हणून पहिल्या दिवशी कुणालाही झोपायला घरात जाऊ देऊ नका. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचंच नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे आपणहून सांगायचं, कारण लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, संशय त्यावरून येतो. सामान रस्त्यावर फेकण्याआधी आणि मेलेलं जनावर पुरण्याआधी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात. घरधन्याला त्या वेळी हे सुचत नाही.

स्वयंसेवकांशीही बोला. ज्यानं कुणाचं प्रेत काढलं असेल, ज्याच्या हातातून दोर सुटला असेल, तो पोरगा चार दिवस गप्प राहतो, मग चिडचिड करतो, झोपत नाही. पूर ओसरल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांना एकत्र बसवून जेवू घाला आणि प्रत्येकाला बोलू द्या. महिन्यानंतरही झोप येत नसेल तर त्याला स्वतः बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा.

डोंगराखाली गाव असेल तर

माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. दरडीखाली गेलेल्या या गावांना पंचगंगेसारखे चार दिवस मिळाले नाहीत. तिथल्या पथकाला आकड्यापेक्षा खुणा शिकवाव्या लागतात : उतारावर नवी भेग, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, डोंगरातून आवाज. अशी एक खूण दिसली आणि पाऊस चालू असेल तर त्याच संध्याकाळी वाडी रिकामी करायची, रात्र काढायची नाही. चार वेळा उगाच उठवलं म्हणून लोक बोलतील. बोलू द्या.

जूनचा पहिला रविवार

वर्षातून एकदा पूर्ण सराव करा. आमच्याकडे जूनचा पहिला रविवार ठरला आहे. सकाळी सातला पथकप्रमुख एक आकडा जाहीर करतो आणि घड्याळ लावतो. प्रत्येक जण आपल्या वीस घरांना जाऊन दार वाजवून येतो, दोन म्हशी खऱ्याखुऱ्या ट्रॉलीत चढवून मळ्यात नेल्या जातात, एका आजीला खुर्चीवर बसवून शाळेत आणलं जातं, यादीवर खुणा होतात. गेल्या वेळी दोन म्हशी चढवायला पन्नास मिनिटं गेली, कारण ट्रॉलीला फळी नव्हती. फळी आता ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. सराव संपला की यादी पुन्हा वाचायची : कोण वारलं, कोण सासरी गेली, कुणाकडे बाळ झालं, कुठल्या घरात नवे भाडेकरू आले. त्याच दिवशी दुरुस्त्या करून तिन्ही प्रती बदलायच्या आणि जुन्या फाडून टाकायच्या.